आर फिफ्टीन आणि शिवणीतली माया

माझ्या डोक्याचा घेर साडेपंचावन्न सेंटिमीटर आहे हे मला सव्विसाव्या वर्षी कळलं, तेही आईच्या टेपमुळं. आई ब्लाउज शिवते, गेली बावीस वर्षं, साताऱ्याच्या शाहूपुरीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, आणि एवढ्या वर्षांत तिनं छाती, कंबर, मुंढा, बाहीघेर सगळं मापलं असेल पण डोकं कुणाचं मापलं नव्हतं. मला हेल्मेट घ्यायचं होतं म्हणून मी पायरीवर बसले, वेणी खाली मानेवर घेतली, आणि तिला सांगितलं की भुवयांच्या वर बोटभर जागा सोडून टेप फिरव आणि मागं डोक्याचा जो सगळ्यात फुगीर भाग असतो तिथनं ने. तिनं फिरवला, परत एकदा फिरवला कारण ती कुठलंच माप एकदा घेऊन थांबत नाही, आणि म्हणाली, "बावीसला जरा कमी. फिट ठेवायचं का सैल?"

मी म्हटलं फिट.

"धुतल्यावर आटतं का ते?"

"नाही गं, उलट वापरून वापरून आतले पॅड दबतात, सैल होतं."

"मग आत्ता टाईटच घे. गालाला टोचलं तरी चालंल."

हेल्मेटच्या मापाबद्दल मी आधी पंधरा दिवस व्हिडिओ बघत होते, त्या सगळ्याचं सार हिनं दोन प्रश्नांत काढलं.

गाडी दसऱ्याला येणार होती. यामाहाची स्पोर्ट बाइक, आर फिफ्टीन व्ही फोर, निळी. पहिली आर फिफ्टीन 2008 मध्ये भारतात आली तेव्हा मी शाळेत होते, आमच्या रिक्षाच्या वाटेवर राजवाड्याजवळ एक लाल आर फिफ्टीन उभी असायची आणि मी रोज मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत बघायचे. तेव्हापासनं डोक्यात होती. आता पोवई नाक्याजवळ एका सीएच्या ऑफिसात काम करते, पगार होतो, हप्ता झेपतो, म्हणून घेतली, एवढंच कारण आहे आणि ते मला पुरेसं वाटतं. 155 सीसीचं इंजिन, 18.4 पीएस ताकद, 142 किलो वजन. मोठ्या गाड्या चालवणाऱ्यांना हे आकडे छोटे वाटतील पण पाच वर्षं ॲक्टिव्हा चालवलेल्या माणसाला हे खूप आहे, खरंच खूप आहे.

त्याच महिन्यात माझी भिशी लागली. तीस हजार. गाडीच्या डाऊन पेमेंटमध्ये ते घालायचे नाहीत असं मी आधीच ठरवलं होतं, हे पैसे गाडीला सजवायचे. आईच्या मापाच्या वहीचं शेवटचं पान घेतलं (ती वही म्हणजे दरेक बाईचं एक पान, वर नाव, खाली मापं, कोपऱ्यात टाचणीनं लावलेला कापडाचा तुकडा) आणि त्यावर यादी केली. सगळ्यात वर मोठ्या आवाजाचा स्लिप-ऑन सायलेन्सर, मग टेल टायडी, ब्रेक-क्लचच्या आखूड शॉर्ट लिव्हर, हँडलच्या टोकाला बसणारे बार-एंड आरसे, गाडीच्या पुढची उंच काच म्हणजे व्हायझर, लोअरिंग लिंक, आणि सगळ्यात खाली हँडग्लोव्हज, त्यापुढं आठशे रुपये. हेल्मेट तेव्हा यादीत नव्हतंच, डोक्याचं माप नंतरचं. ॲक्टिव्हाचं होतं की, पाच वर्षं जुनं, त्यावरच भागवायचं.

आता ती यादी बघितली की वाटतं वरनं खालपर्यंत सगळ्या वस्तू गाडीच्या अंगावर चढत होत्या आणि माझ्या अंगावर काय, तर आठशे रुपये.

आईनं यादी वाचली. तिला त्यातलं निम्मं कळलं नाही पण तिनं एकाच ओळीवर बोट ठेवलं, लोअरिंग लिंक, हे काय. हे सांगायला मला शोरूमला परत जावं लागलं, म्हणजे तिला घेऊनच गेले. माझी उंची पाच फूट दोन इंच. आर फिफ्टीनची सीट जमिनीपासनं 815 मिलिमीटर. डेमो गाडीवर बसले तर दोन्ही पायांचे फक्त चवडे टेकत होते, टाचा हवेत. तिथला एक मुलगा म्हणाला, मॅडम, लिंक टाकून घ्या, गाडी इंच-दीड इंच खाली येते, सगळ्या मुली टाकतात. मागच्या सस्पेन्शनला जी जोडपट्टी असते ती बदलून वेगळ्या मापाची टाकायची, की मागची बाजू खाली बसते. काम तासाभराचं.

पण मागची बाजू खाली बसली की नुसती सीटच खाली येत नाही ना. पुढचं चाक धरणारा फोर्क मागं कलतो, वळणावर गाडी आळशी होते, जमिनीपासनं पोटाची उंची कमी होते आणि आमच्या पेठांतले स्पीडब्रेकर काय आहेत ते साताऱ्याच्या माणसाला सांगायला नको. वर साइड स्टँड आहे तेवढाच लांब राहतो, त्यामुळं गाडी स्टँडवर कलायच्या ऐवजी जवळजवळ सरळ उभी राहते आणि कुणाचा धक्का लागला की पलीकडं पडते. हे सगळं मला वाचून माहीत होतं तरी मी यादीत लिहिलं होतं, कारण भीती वाटत होती. दुसरा उपाय सीटचा फोम कापायचा. स्पोर्ट बाइकची सीट आधीच पातळ, ती अजून कापायची.

आई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "कापलेलं परत जोडता येत नाही बघ. आधी कच्ची शिलाई मार. सहा महिने हाय तशी चालव, अंगाला कुठं लागतीय ते बघ, मग काय ते कर."

तिच्याकडं कुठलाही ब्लाउज पहिल्यांदा कच्च्या टाक्यांनी जोडतात, बाईला घालून बघायला लावतात, मग पक्की शिवण. आणि शिवणीच्या आत पाऊण इंच माया सोडतात. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडलेलं ते जास्तीचं कापड, पुढं अंग भरलं तर उसवून मोठं करता यावं म्हणून. रेडीमेडमध्ये माया नसते, काठोकाठ शिवलेलं असतं, म्हणून आईला रेडीमेडचा राग आहे. लहानपणापासनं हा शब्द इतक्यांदा कानावर पडलाय की त्याचा दुसराही काही अर्थ असतो हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

तर लिंक यादीतनं खोडली. टेल टायडी पण तिथंच खोडली गेली, जरा वेगळ्या कारणानं. टेल टायडी म्हणजे मागचं लांब मडगार्ड काढून नंबर प्लेट सीटखाली छोट्या पट्टीवर घ्यायची. दिसायला फार छान दिसतं, मागचं टायर सगळं उघडं दिसतं. त्याबरोबर लोक साडीगार्डही काढतात कारण त्या जाळीनं गाडीचा सगळा लूक जातो म्हणे. माझ्या मागं बसणार कोण तर आई. आई साडी नेसते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 123 नंबरचा नियमच आहे, मागच्या माणसाला धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक निम्मं तरी झाकेल असं काहीतरी पाहिजे म्हणून. पण मला नियमाची गरज पडली नाही. आईकडं एक बाई येतात, त्यांचा पदर त्यांच्या मुलाच्या गाडीच्या चाकात गेला होता, त्यांच्या मानेवर अजून वळ आहे. आई त्यांचे ब्लाउज बंद गळ्याचे शिवते.

मग आधी माझ्या अंगावरचं घ्यायचं ठरलं, हेल्मेटसकट, आणि नोव्हेंबरात आम्ही एसटीनं पुण्याला गेलो. साताऱ्यात हेल्मेटं मिळतात, चांगली मिळतात, पण बायकांच्या मापाचं जॅकेट आणि ग्लोव्हज घालून बघायला मिळणं अवघड. सकाळची गाडी, खंबाटकीच्या बोगद्यातनं बाहेर पडल्यावर आईनं डबा काढला, स्वारगेटला उतरलो.

पहिलं हेल्मेट. दुकानदारानं एम साइज पुढं केला, एस संपलाय म्हणाला, आणि वर सांगतोय की मॅडम पॅड दाबून बसतील. आई म्हणाली, दाबले की सैल होतात ना ते? तो गप्प बसला आणि आत जाऊन एस घेऊन आला. मी ते डोक्यावर घालून वीस मिनिटं दुकानात हिंडले. गाल पार दाबले जात होते, बोलताना आतनं गाल चावला जात होता, ते नवीन हेल्मेटला बरोबरच आहे, पण कपाळावर एका जागी कळ लागायला लागली तर ते माप चुकलं, मग साइज बरोबर असला तरी कवटीचा आकार जुळत नाही. पहिलं तसंच निघालं. दुसरं बसलं. हनुवटीला धरून वर-मागं ढकललं तर डोक्यावरनं निघत नव्हतं, डावीउजवीकडं फिरवलं तर कपाळाची कातडी बरोबर सरकत होती. आयएसआय तर बघायचाच, 1 जून 2021 पासनं त्या शिक्क्याशिवाय हेल्मेट विकायलाच बंदी आहे, या हेल्मेटला वर युरोपातला ईसीई 22.06 हा शिक्का पण होता, त्यात तिरका मार बसून डोकं गर्रकन फिरतं त्याचीही चाचणी घेतात. पाच हजार दोनशे. आणि जुन्या हेल्मेटचं सांगायचं राहिलं, ते दोनदा गॅलरीतनं खाली पडलेलं होतं. आतला थर्माकोलसारखा फोम एकदाच दबण्यासाठी असतो, मार खाऊन तो दबला की त्याचं काम संपलं, बाहेरनं काही दिसत नाही. पाच वर्षं मी ते घालून फिरत होते.

जॅकेटच्या दुकानात आईचं राज्य होतं. तिनं पहिलं जॅकेट हातात घेतलं आणि सरळ उलटं केलं, आतली बाजू बाहेर. खांद्याची शिवण बोटानं उघडून बघितली. ती मला दाखवत होती की हे बघ, ही एकच ओळ आहे आणि दोरा वरच आहे, घासला की गेला. दुसऱ्या जॅकेटला बाहेरनं एकच ओळ दिसत होती पण आत कापड दुमडून अजून दोन ओळी होत्या, म्हणजे रस्त्यावर घासून वरचा दोरा गेला तरी आतली शिवण धरून राहील. मी सीई लेव्हल वन, लेव्हल टू असली सुरक्षेची लेबलं वाचत होते आणि ती शिवणी वाचत होती, आणि आम्ही दोघी एकाच जॅकेटपाशी येऊन थांबलो.

पण मापाचा घोळ होताच. पुरुषांचा एस घातला तर खांदा उतरतो, कमरेत दोन बोटं ढगळ, आणि कोपराचा आर्मर, म्हणजे मार झेलायला आत बसवलेली गादी, कोपरावर राहत नाही. उभं राहून हात खाली सोडले की बरोबर वाटतं. आई म्हणाली, गाडीवर बसतीस तशी बस. मी खुर्चीवर पुढं वाकून हात हँडलसारखे धरले तर आर्मर फिरून दंडाकडं गेला. पडल्यावर तो तिथंच राहणार, आणि कोपर उघडं. बायकांच्या कटच्या जॅकेटचा एकच प्रकार होता दुकानात, त्यातलं एकच माझ्या मापाचं, काळं-राखाडी, जाळीचं. साताऱ्यात एप्रिल-मे मध्ये जाळीशिवाय जॅकेट रोज घातलं जाणार नाही आणि न घातलेल्या जॅकेटचा काय उपयोग. हात वाकवले, आर्मर कोपरावरच राहिला. आईनं पाठीच्या खिशात हात घालून आतला बॅक गार्ड बाहेर काढला, दोन बोटांत दाबला. "हा तर स्पंज हाय. पूर्वी पंजाबी ड्रेसच्या खांद्याला घालायचे तसला." खरंच तसलाच होता. बऱ्याच जॅकेटांत पाठीला नुसता फोमच देतात, जागा भरायला, खरा बॅक प्रोटेक्टर वेगळा घ्यावा लागतो, त्यावर ईएन 1621-2 असं लिहिलेलं असतं. तो घेतला. जॅकेट साडेआठ हजार, पाठीचा एकोणीसशे.

ग्लोव्हजला तळहाताचा घेर लागतो, अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी. माझा सात इंच. पुरुषांचा एस बसतो पण बोटांच्या टोकाला जागा रिकामी राहते आणि ते लोंबणारं टोक ब्रेकच्या लिव्हरमध्ये अडकतं, हे मी तिथंच दुकानातल्या एका हँडलवर करून बघितलं. शेवटी एक्सएस मिळाले, तळव्याच्या खालच्या बाजूला कडक प्लास्टिकची गोटी बसवलेले. पडताना माणूस हात पुढं टाकतोच, कितीही ठरवलं तरी टाकतो, आणि नुसतं कातडं असेल तर तळवा रस्त्याला धरून बसतो, शरीर पुढं जातं आणि मनगट मागं वळतं. अंगठ्याच्या बाजूला मनगटात एक छोटं हाड असतं, स्कॅफॉइड, ते मोडलं तर कधीकधी पहिल्या एक्स-रेत दिसत पण नाही आणि जुळायला फार दिवस घेतं. ती गोटी घसरते, म्हणून मनगट वाचतं. दोन हजार सहाशे. मी दिवसभर कीबोर्डवर आकडे मारते, माझं पोट या दोन मनगटांवर आहे.

एका दिवसात अठरा हजार दोनशे गेले आणि गाडीला अजून एक स्क्रू लागला नव्हता. परतीच्या एसटीत मला थोडं वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

पहिले हजार किलोमीटर नीट गेले. इंजिन जास्त फिरवायचं नाही, एकाच वेगावर लांब जायचं नाही, नवीन टायरच्या वरचा गुळगुळीत थर जाईपर्यंत गाडी जास्त झुकवायची नाही. रोज पहाटे ऑफिसच्या आधी शाहूपुरीतनं निघून पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमधनं गोडोली, तिथनं हायवेला लागून थोडं पुढं आणि परत. उंचीचं म्हणाल तर सिग्नलला दोन्ही चवडे टेकायच्या ऐवजी सीटवरनं थोडं डावीकडं सरकून डावा पाय पूर्ण टेकायचा आणि उजवा मागच्या ब्रेकवर ठेवायचा, ही सवय लागली आणि आठवड्याभरात भीती गेली. मला वाटलं जमलं.

डिसेंबरात, रविवारी, यवतेश्वरच्या घाटात पडले. समर्थ मंदिराकडनं वर चढताना ते उजवं वळण आहे ना, जिथनं खाली अख्खं सातारा दिसतं, तिथं. वरनं एसटी आली आणि वळण घ्यायला तिला सगळा रस्ता लागत होता, म्हणून मी आतल्या कडेला थांबले. बरोबरच होतं थांबणं. पण तिथं रस्त्याला आतल्या बाजूला, म्हणजे उजवीकडं, उतार आहे आणि गाडी थांबता थांबता तिकडं कलली. डावा पाय टेकायचा सोडून मी उजवा खाली टाकला. डांबर जिथं असायला पाहिजे होतं तिथं नव्हतं. चारच बोटं खाली होतं, पण मला ती चार बोटं लागली नाहीत.

वेग शून्य होता. गाडी पडताना मला सगळं दिसत होतं, सावकाश, आपण आता हिला धरू शकत नाही हे कळेपर्यंत अर्धा सेकंद गेला असेल, मग हात पुढं, खडीवर तळवा, आणि उजवा घोटा गाडीच्या खाली. एसटी थांबली. कंडक्टर उतरून आला, त्यानं आधी किल्ली बंद केली, मग म्हणाला, "ताई, पाय हलतोय का बघा आधी, गाडीचं नंतर." ड्रायव्हर आणि त्यानं मिळून गाडी उचलली. त्या दोघांची नावं विचारायची राहिली, अजून रुखरुख आहे.

ब्रेकच्या लिव्हरचं टोक मोडलं, गाडीच्या बाजूच्या प्लास्टिकवर, फेअरिंगवर, हातभर ओरखडा. उजव्या ग्लोव्हजच्या गोटीवर पांढऱ्या रेघा, जॅकेटच्या कोपरावर कापड खरवडलेलं, आत काही नाही. आणि घोटा टम्म सुजलेला, कारण पायात कॅनव्हासचे बूट. हाड वाचलं, लिगामेंट ताणलं, क्रेप बँडेज, तीन आठवडे गाडी बंद.

घरी आई काही बोलली नाही. गरम पाण्याची पिशवी घेऊन यायला निघाली तर मीच म्हटलं बर्फ आण, पहिले दोन दिवस शेक नको. मग ती माझ्याजवळ ग्लोव्हज घेऊन बसली, अंगठ्यानं एकेक शिवण दाबून बघत. कुठं उसवलं नव्हतं. जॅकेट बघितलं. हेल्मेट बघितलं, ते कुठं लागलंच नव्हतं. आणि मग म्हणाली, "पायाचं माप आपण घेतलंच नाही."

ती पायाचं माप कधी घेतच नाही ना. तिच्या वहीत पाऊल येतच नाही, घोट्यापाशी सगळं संपतं. मी पण डोकं, हात, पाठ सगळ्याचा विचार केला आणि पायाला शाळेतल्यासारखे बूट घातले.

त्या तीन आठवड्यांत नवी यादी झाली. सगळ्यात वर रायडिंग शूज. घोट्याच्या दोन्ही बाजूंना कडक वाटीसारखं काहीतरी पाहिजे, टाच दाबली तर चेपायला नको, मधनं पिळला तर बूट फडक्यासारखा वळायला नको, आणि नाड्या आत खोचता आल्या पाहिजेत, नाहीतर गिअरच्या पॅडलला अडकतात. माझा साइज चार, तो मागवायला लागला, बारा दिवसांनी आला, सात हजार. कागदावर पाऊल ठेवून आईनं पेन्सिलनं रेघ मारली होती, त्या रेघेशी बुटाचा तळ जुळवून बघितला तेव्हाच तिनं पावती फेकू दिली. आणि बूट घालून गाडीवर बसले तर काय, जाड तळव्यामुळं पाय इंचभर जास्त खाली पोचत होते. जी उंची मी गाडीचं सस्पेन्शन बदलून मिळवायला निघाले होते ती बुटात होती.

गाडीला लागलेली पहिली वस्तू म्हणजे फ्रेम स्लायडर. इंजिन जिथं फ्रेमला जोडलेलं असतं त्या माउंटच्या जागी बोल्टनं बसणारी नायलॉनची गोटी, गाडी आडवी झाली तर फेअरिंगच्या आधी ती जमिनीला लागते. चोवीसशे. मोठे लोखंडी क्रॅश गार्ड पण मिळतात पण स्पोर्ट बाइकला ते मला पटत नाहीत, एकतर वजन, आणि जोरात लागलं तर ते वाकून सगळा मार माउंटवर नेतात. लिव्हर कंपनीचीच साधी घेतली, चारशेच्या आसपास. शॉर्ट लिव्हर दिसायला भारी असतात पण माझी बोटं छोटी, मला टोकाला धरून जी ताकद मिळते ती तिथं मिळत नाही. लिव्हर बसवताना मेकॅनिकदादांनी एक गोष्ट केली, तिचा क्लॅम्प पूर्ण आवळला नाही. हातानं जोर लावला तर लिव्हर हँडलवर थोडी फिरेल एवढा ठेवला. म्हणाले, गाडी पडली तर फिरून जाईल, मोडणार नाही.

"म्हणजे माया सोडली," आई म्हणाली. ती शेजारी उभी होती. दादांना कळलं नाही, त्यांनी नुसती मान हलवली.

सायलेन्सरचं राहिलं. तो यादीत सगळ्यात वर होता आणि खोडायला सगळ्यात जास्त दिवस लागले. मला तो आवाज आवडतो, आजपण आवडतो. कायद्यानं बघाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, आवाजाचा आणि धुराचा नियम मोडला तर पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत दंड आहे, जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली घातल्याचे फोटो पेपरात येतातच. धुराच्या बीएस सिक्स नियमांतल्या गाडीच्या एक्झॉस्टमध्ये धूर साफ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतं, फुल सिस्टीम, म्हणजे इंजिनापासनंची सगळी नळी बदलून टाकली की ते पण जातं. आणि 155 सीसीला नुसता सायलेन्सर बदलून हाताला जाणवेल अशी ताकद वाढत नाही, वाढतो तो आवाज.

पण मी खोडला तो दुसऱ्याच कारणानं. घोटा बरा होताना दिवसभर पुढच्या खोलीत बसून होते आणि आईचं मशीन चालू असायचं. ती मध्येच थांबायची आणि सुई बदलायची. मी विचारलं, मोडली का? नाही, आवाज बदलला. सुई बोथट व्हायला लागली की कापडात शिरताना टप्प असा आवाज येतो, मोडायच्या आधी. मग मी गाडी परत चालवायला लागले तेव्हा ऐकायला लागले. सात हजार चारशे आरपीएमला व्हीव्हीए, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी यंत्रणा, चालू होते तिथं इंजिनाचा सूर बदलतो, तो आता मला मीटर न बघता कळतो. चेन कोरडी पडली की खालच्या गिअरमध्ये बारीक खरखर येते, दर पाचशे किलोमीटरला लूब मारतेच पण यवतेश्वरवरनं धुळीतनं आलं की आधीच मारावं लागतं, ते पण कानालाच कळतं. या सगळ्यावर मोठा आवाज ओतला तर यातलं मला काहीच ऐकू येणार नाही.

बाकी किरकोळ. टाकीला दोन्ही बाजूंनी रबरी ग्रिप चिकटवून घ्याव्या वाटतायत, गुडघ्यांनी टाकी धरली की मनगटांवरचं वजन कमी होतं, घाट उतरताना फार फरक पडतो. मोबाइल हँडलला लावत नाही, थरथरीनं कॅमेऱ्याची वाट लागते. उंच व्हायझर माझ्या उंचीला लागतच नाही. टायर कंपनीचे आहेत ते झिजेपर्यंत छान आहेत.

भिशीच्या तीस हजारांतले दोन हजार उरले. टाकीच्या ग्रिप घेणार होते पण महाशिवरात्र जवळ आली आणि आई म्हणाली, यवतेश्वरला जाऊ, तुझ्याच गाडीवर. आदल्या रविवारी जाऊ, म्हणजे गर्दी नसंल. मी टेप काढला. ती म्हणाली, हे काय. मी म्हटलं, बस पायरीवर. मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं, आणि आईचा अंबाडा हेल्मेटमध्ये मावत नाही, तो सोडून खाली वेणी घालावी लागते, ते तिला पटवण्यात अर्धा तास गेला. भुवयांच्या वर बोटभर, मागनं फुगीर भागावरनं. दोनदा फिरवला. चौपन्न. तिनं वही मागितली आणि मधलं एक कोरं पान काढून तिथं लिहिलं, वर नावाच्या जागी काय लिहायचं म्हणून थोडी थांबली, कारण त्या वहीत बावीस वर्षांत तिचं स्वतःचं पान नव्हतं. मग "मी" असं लिहिलं, खाली डोकं, 54.

रविवारी सकाळी निघालो. आर फिफ्टीनची मागची सीट उंच आणि एवढीशी, ती दोन्हीकडं पाय टाकून बसली, साडीच्या आत लेगिंग, निऱ्या वर खोचून, पदर कमरेला. पायाजवळ साडीगार्ड. चढताना मी वेग तीसच्या वर नेला नाही. तिचे दोन्ही हात माझ्या पाठीवर होते, मध्येच हेल्मेटमधनं ओरडून म्हणाली, "हे कडक लागतंय, चांगलं हाय."

त्या वळणापाशी आल्यावर तिनं खांद्यावर थोपटलं. "हितंच का?"

"हो."

"थांब की जरा."

थोडं पुढं रुंद जागा आहे तिथं डावा पाय टेकून थांबले, स्टँड लावला. ती उतरून मागं चालत गेली, हेल्मेट डोक्यावरच, दोन्हीकडं बघून रस्त्याच्या आतल्या कडेला खाली बसली आणि डांबर जिथं संपतं तिथं हात उभा धरून मापलं. परत एकदा मापलं.

"चार नाही, पाच बोटं हाय," ती म्हणाली, आणि साडी झटकत गाडीकडं आली.